द्राक्षांच्या गावात ‘एकच प्याला’: तळीरामाचं हसू कुठे सांडलं?

राम गणेश गडकऱ्यांचं ‘संगीत एकच प्याला’ बघायला येणारा नाशिककर दोन प्रकारचा असतो. एकाला पदं ऐकायची असतात, दुसऱ्याला दारूची वकिली करणारा तळीराम बघायचा असतो. दारूत बुडणारा नायक सुधाकर बघायला म्हणून कोणी येत नाही, तो आपोआप भेटतो. कालिदास कलामंदिरात रविवारी संध्याकाळी झालेल्या नव्या प्रयोगाने पहिल्याला अर्धपोटी ठेवलं, दुसऱ्याला जवळजवळ उपाशी. तरीही शेवटच्या पंचवीस मिनिटांत नाट्यगृहात वेफर्सच्या पुडीचा आवाज नव्हता, म्हणजे प्रयोग फसला असं म्हणता येत नाही. अर्ध्याच नाटकावर भरवसा ठेवून तो बसवलाय, एवढंच. पुढच्या प्रयोगाची तिकिटं काढायच्या बेतात असाल तर कुठलं अर्धं मिळणार, हे आधी कळलेलं बरं.

मूळ नाटक पाच अंकी. २० फेब्रुवारी १९१९ ला गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ते पहिल्यांदा केलं, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन जेमतेम चार आठवडे झाले होते. पदं वि. सी. गुर्जरांची, चालींवर गायिका सुंदराबाईंची छाप, सुधाकराची बायको सिंधू बालगंधर्वांची आणि सुधाकर गणपतराव बोडसांचा. बोडस गद्य नट. त्यामुळे नाटकाची वाटणी आपोआप झाली: सिंधूचं दुःख सुरात, सुधाकराचं गद्यात, आणि तळीरामाचा विनोदही गद्यात. सुधाकर आणि तळीराम एकाच भाषेत बोलतात, सिंधू वेगळ्या. ज्याला हे नाटक नव्याने बसवायचंय त्याने ही वाटणी आधी भिंतीवर लिहून ठेवावी.

नव्या प्रयोगात पाचाचे दोन अंक झालेत. मध्यंतराची पंधरा मिनिटं धरून २ तास ४० मिनिटं. कात्री कुठे लागली? भगीरथ आणि सुधाकराची बहीण शरद यांचं उपकथानक जवळपास सगळं गेलं. शरद दोन प्रवेशांत दिसते, भगीरथ एकात. वेळ वाचवायला सगळेच हा भाग कापतात, पण त्याची किंमत सुधाकराच्या मित्राला, रामलालला, मोजावी लागते. मूळ नाटकात रामलालचंही मन घसरतं. मुलीसारख्या मानलेल्या बालविधवा शरदकडे तो ओढला जातो आणि स्वतःलाच घाबरतो. ते काढलं की उरतो तो विलायतेहून आलेला, सदरा इस्त्रीचा आणि उपदेश तयार असलेला गृहस्थ. मध्यंतरात कॉलेज रोडच्या एका मुलीने बरोबर पकडलं: “हा माणूस चुकतच नाही. मग तो मला दारूबद्दल काय सांगणार?” तिने नाटक वाचलेलं नव्हतं. कापलेला भाग नेमका कुठे दुखतोय ते तिला न वाचताच कळलं.

आता नव्या कपड्यांकडे. काळ आजचा, गाव नाशिक. सुधाकर जिल्हा न्यायालयातला चढता वकील. तळीरामाचं, पिणाऱ्यांचं आर्य मदिरा मंडळ भरतं ते गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये. पाठीमागे एलईडीचा मोठा पडदा, त्यावर द्राक्षांच्या ओळी. तळीराम जॅकेट घालून येतो, पेला हातात फिरवतो, नाक आत घालतो आणि “ह्याला ओल्या मातीचा आणि जुन्या सातबाऱ्याचा वास आहे” असं सांगतो. प्रेक्षागृह फुटलं. मग तो सभासदांना एक दिवसाचे दारू पिण्याचे परवाने वाटतो, पाकिटातून पत्त्यांसारखे काढून. पुन्हा हशा. मंडळातल्या शास्त्री आणि खुदाबक्ष यांची जुगलबंदी मात्र चार वाक्यांवर आलीय, कुणाच्या भावना दुखावतील या धास्तीने असावी.

हशा भरपूर आला, हे खरं. पण तो कोणावर होता? वाइनरीत जाणाऱ्या, पेला फिरवणाऱ्या, शब्द फेकणाऱ्या ‘त्या’ लोकांवर. बघणारा सुखरूप बाजूला बसून हसत होता. गडकऱ्यांचं मदिरा मंडळ असं नाही. तिथे दारूचं समर्थन इतक्या तर्कशुद्ध थाटात चालतं की ऐकणाऱ्याला क्षणभर पटतं, आणि पटलं म्हणून तो हसतो. पुढे सुधाकर बुडतो तेव्हा तेच हसू घशात अडकतं. टिंगल करून मिळवलेलं हसू असं अडकत नाही, ते मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर पचून जातं. पंचवटीहून आलेल्या, नाट्यसंगीत कोळून प्यायलेल्या एका आजोबांचा शेरा कडक होता: “तळीराम विनोदी नाही रे, तो पटाईत आहे. ह्यांनी त्याला स्टँडअपवाला केला.”

तळीरामाच्या नटाकडे मात्र कसब आहे. आजारी तळीरामाच्या खाटेभोवती डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते, त्या प्रवेशात तो जवळजवळ काहीच करत नाही. नजर फक्त एकाकडून दुसऱ्याकडे, टेनिसच्या सामन्यासारखी, आणि प्रत्येक फेरीगणिक मान थोडी कमी वळते. चौथ्या-पाचव्या फेरीला फक्त डोळे हलतात. हसता हसता लक्षात येतं की माणूस संपत चाललाय. पूर्ण प्रयोगात विनोद आणि मरण एकाच ताटात वाढलंय ते इथे, अंदाजे सहा मिनिटं. दिग्दर्शकाने या प्रवेशाला हात लावला नाही, मूळ संहिता तशीच ठेवली. यातून त्यांनीच काय ते समजून घ्यावं.

आधुनिक करताना एक चूक अशी झालीय की वकील मंडळी मध्यंतरात चहाच्या रांगेत त्यावरच बोलत होती. मूळ नाटकात मुन्सफाशी खटका उडून सुधाकराची वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी जाते, आणि त्या अपमानातून तो पहिला प्याला उचलतो. प्रयोगात आजचे न्यायाधीश भर कोर्टात तेच करतात. पण १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानंतर वकिलाची सनद निलंबित करायचं काम राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे आहे. तक्रार, नोटीस, सुनावणी, आणि यात महिने जातात. “आमची सनद अशी कोणी उभ्या उभ्या काढत नाही हो,” असं एक वकीलबाई म्हणाल्या, आणि लगेच पुढे, “खरं तर त्या महिन्यांतच माणूस प्यायला लागेल.” एवढं एक वाक्य दिग्दर्शकाच्या कानावर पडलं असतं तर पहिला अंक सुधारला असता. एका अपमानाने नाही, तारखांमागून तारखा पडताना बुडणारा सुधाकर आजचा वाटला असता.

संगीताकडे येऊ, कारण तिकिटाचे पैसे त्यासाठी मोजलेले असतात. पहिली चांगली गोष्ट: खरा, पायाने भाता मारायचा ऑर्गन आहे, कीबोर्डवरचा ऑर्गनचा आवाज नाही. दोन्हींतला फरक बाल्कनीतही कळतो. भात्यावरचा पाय थोडा हलका केला की स्वर श्वासासारखा खाली बसतो, ‘लागे हृदयी हुरहुर’च्या शेवटी वादकाने तो इतका सुरेख बसवला की टाळी दोन सेकंद उशिरा आली. सिंधूचा आवाज मोकळा, काळी पाच या पट्टीतला, आणि शब्द स्वच्छ. ‘प्रभु अजि गमला’ला तिने हरकती मोजून घेतल्या. बालगंधर्वांची नक्कल नाही, हे विशेष.

गोंधळ होतो तो मांडणीत. वादकांना पिटातून उचलून रंगमंचाच्या मागच्या अंगाला, जाळीच्या पडद्यामागे बसवलंय. दिसायला छान: मागून प्रकाश टाकला की वादक सावल्यांसारखे उमटतात, समोरून टाकला की जाळी भिंत होते. पण गाणारी प्रेक्षकांकडे तोंड करून, वादक तिच्या पाठीमागे वीसेक फुटांवर. तेवढ्या अंतरावरून आवाज पोचायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही, प्रश्न आवाजाचा नाहीच. प्रश्न नजरेचा. नाट्यपदात तान घेऊन मुखड्यावर, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीवर, यायचं ते दर प्रयोगाला थोडं वेगळं येतं, आणि तबलजी ते गाणाऱ्याच्या मानेवरून, हनुवटीवरून, हाताच्या बोटांवरून ओळखतो. पाठ दिसत असेल तर तो अंदाजाने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जातो. ‘सत्य वदे वचनाला’त तिने एक आवर्तन जास्त घेतलं आणि तबला आधीच तिहाई मारून समेवर उभा. तिने शहाणपणाने उरलेल्या मात्रा स्वर लांबवून भरल्या. बहुतेकांना कळलं नाही, ज्यांना कळलं ते एकमेकांकडे बघून हसले. उपाय सोपा आहे: जुन्यासारखं पुढे, बाजूला बसवा. सौंदर्य हवंच असेल तर विंगेत छोटा कॅमेरा लावून तबलजीसमोर पडदा ठेवा.

दुसरा दोष सुराचा. मदिरा मंडळासाठी नवं समूहगीत लिहिलंय, पुरुषांचं, काळी एकमध्ये. त्यानंतर जेमतेम चार मिनिटांत सिंधूचं पद काळी पाचमध्ये. तबला एकच. काळी एकच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, लावलेला तबला काळी पाचच्या गाण्यात कोमल गंधार होऊन बसतो. ज्या पदात तो स्वर लागत नाही तिथे प्रत्येक ‘ना’ कानात खडा पडल्यासारखा. मध्यमावर न्यायचा तर एक पूर्ण स्वर चढवायला हवा, आणि गट्ट्यांवर हातोडी ठोकत तेवढं काम प्रवेश बदलताना उरकत नाही. दोन तबले लावून ठेवणं हाच मार्ग. या प्रयोगात तबलजीने डग्ग्यावर भर देऊन, चाटीचे बोल टाळून वेळ मारून नेली. कौतुक त्याचं, नियोजनाचं नाही.

माईक. नटांना छातीवर कॉलर माईक. सिंधूचा माईक पदराखाली, आणि उत्तरार्धातलं तिचं लुगडं जाड सुती, त्यामुळे ती वाकली की खरखर. मंगळसूत्र लागलं की टकटक. सुधाकर-सिंधू जवळ आले की आवाज एकदम पोकळ, डब्यातून आल्यासारखा, कारण एकच आवाज दोन माईकमध्ये किंचित मागेपुढे शिरतो आणि दोन्ही मिळून एकमेकांना खातात. ध्वनिसंयोजकाने त्या क्षणी एक माईक खाली घ्यायचा असतो, संहितेत पेन्सिलने खूण करून. आणि माईक केसांच्या रेषेत, कपाळावर चिकटवून वायर अंबाड्यातून मागे काढली तर पदराचा प्रश्नच येत नाही. ही कला आता मुंबई-पुण्यात सगळीकडे आहे, गूढ विद्या नाही.

नेपथ्यातली बारीक गोष्ट, पण डोळ्यांत भरली. टेस्टिंग रूममधली ‘वाइन’ कोकम आगळाची असणार, पाणी घालून. पिवळसर प्रकाशात ती छान माणकासारखी दिसते. एलईडी पडद्याच्या निळ्या उजेडात शाई. पुढच्या रांगेतला एक मुलगा आईला विचारत होता, “हे काका शाई का पितायत?” उलट कोरा चहा व्हिस्की म्हणून कुठल्याही प्रकाशात खपतो, आणि दुसऱ्या अंकात तोच आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ‘कशि या त्यजू पदाला’वर. सिंधूला माहेरी न्यायला तिचा भाऊ पद्माकर आलाय, हातात गाडीची किल्ली. सिंधूची बॅग भरलेली. ती पहिल्या दोन ओळी गाते आणि थांबते. पुढची चाल ऑर्गन एकटाच वाजवतो आणि ती एकेक कपडा बॅगेतून काढून पुन्हा कपाटात ठेवते. दोन मिनिटं. शेवटचं बाळाचं झबलं ती कपाटात ठेवत नाही, हातातच धरून उभी राहते.

जुने रसिक चिडले. “आम्ही अंतरा ऐकायला आलो, कपाट लावायचं बघायला नाही,” असं एकाने जिन्यावर मोठ्याने सांगितलं, आणि मागून दोघांनी ‘बरोबर’ म्हटलं. तरुणांचं म्हणणं उलटं: पतिव्रतेचं हे पद आज पूर्ण गायलं तर त्याचं समर्थन होतं. त्यातल्या एकीचा सवाल रोखठोक: “नवरा मारतो, दारू पितो, आणि ही राहते? आज ४९८-अ आहे की.” तिला शेजारच्यांनी दुरुस्त केलं की बायकोच्या छळाविरुद्धचं तेच कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. मग कलमांवर पाच मिनिटं गेली आणि सिंधू बाजूला राहिली.

आमचं मत जुन्यांच्याही बाजूचं नाही आणि नव्यांच्याही. गाणं मध्येच थांबवण्याची कल्पना जबरदस्त आहे. पण दोन ओळींवर थांबवलं तर प्रेक्षकाला नुसतं वंचित केल्यासारखं वाटतं. अंतरा पूर्ण होऊ द्यावा, आणि मुखड्यावर परत यायच्या जागी तिने थांबावं. कान मुखड्याची वाट बघत असतो, तो न येणं हाच धक्का. इथे कान अजून तयारच झाला नव्हता. चालीची ताकद कुठे साठते ते न ओळखता केलेली काटछाट, बाकी काही नाही.

सुधाकर. पहिल्या अंकात नट थोडा मालिकेतला वाटतो, भुवया फार. दुसऱ्यात बदलतो. दारू सोडण्याची शपथ घेतल्यानंतरच्या सकाळचा प्रवेश बघा. स्टीलचा पेला बशीत ठेवलाय आणि तो उचलताना बशीवर बारीक टणटण होते. आधी वाटतं नेपथ्याचा काही दोष. मग कळतं, हात थरथरतोय. चहा पितो तरी थरथर जात नाही. पुढच्या प्रवेशात शपथ मोडून दोन घोट घेतो, पेला बशीत ठेवतो, आणि या वेळी आवाज होत नाही. एक शब्द न बोलता सगळं कळलं. प्रेक्षकांतल्या एका डॉक्टरांनी यालाच दाद दिली: सवय जडलेल्या माणसाची दारू तुटली की काही तासांत हात कापू लागतात आणि घोट पोटात गेला की थांबतात, म्हणूनच तो पुन्हा पितो. “चवीसाठी नाही, हात थांबावा म्हणून.” (अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या देखरेखीतच सोडवावी, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.) नाटकात व्याख्यानं बरीच आहेत, पण त्या टणटणीइतकं कोणतंच पोचत नाही.

पेल्यांची ही साखळीही विचारपूर्वक केलीय. पहिला प्याला काचेचा, लांब देठाचा. मग जाड बुडाचा ग्लास. मग स्टीलचा. शेवटचा प्याला तोच स्टीलचा, ज्यातून आदल्याच प्रवेशात सिंधूने बाळाला दूध पाजलंय. नेपथ्यकाराला शंभरपैकी शंभर.

‘घास घे रे तान्ह्या बाळा’ माईक बंद करून, ऑर्गनशिवाय, नुसत्या आवाजात म्हटलंय. इथे कळतं की बाईंना माईक लागतच नव्हता. पद संपल्यावर पाचव्या-सहाव्या रांगेतून खणखणीत ‘वन्समोर’ आला. सुरुवातीच्या सूचनेतच वन्समोर देऊ नये असं सांगितलं होतं. रंगमंचावर कोणी हललं नाही, सिंधू बाळाच्या तोंडावरून हात फिरवत बसून राहिली. जाळीमागे मात्र ऑर्गनवाल्याचा हात सवयीने पट्टीवर गेला आणि तिथेच थांबला, प्रकाश मागून असल्यामुळे सगळ्यांना दिसला. ज्यांना वन्समोर हवा होता आणि ज्यांना नको होता, त्या दोघांचंही म्हणणं त्या थांबलेल्या हातात होतं. बाहेर पडल्यावर यावर बरीच भांडणं झाली. एका गटाचं म्हणणं, संगीत नाटकात वन्समोर हा प्रेक्षकांचा हक्क आहे. दुसऱ्याचं, उपाशी लेकराचा घास दुसऱ्यांदा कसा मागता? या पदाला तरी दुसऱ्या गटाचं बरोबर. पूर्वार्धातल्या ‘प्रभु अजि गमला’ला वन्समोर घ्यायला काहीच हरकत नव्हती. सरसकट बंदी घालून त्यांनी स्वतःचीच एक टाळी घालवली.

सुधाकराच्या काठीचा घाव अंधारात, फक्त आवाजावर. योग्य निर्णय. पण त्यानंतर एलईडी पडद्यावर लाल रंग पसरतो, तो नको होता. प्रेक्षकांनी ऐकलंय, त्यांना रंगवून दाखवायची गरज नाही. सुधाकराच्या शेवटच्या भाषणातली गडकऱ्यांची लांब वाक्यं नटाने एका श्वासात न घेता अनुप्रासाच्या जागी तोडली. त्यामुळे शब्द वाजले पण अर्थ दोनदा निसटला. गडकऱ्यांचं वाक्य क्रियापदापर्यंत धरून ठेवायचं असतं, श्वास त्याच्या आधी सोडला की ते नुसतं यमक उरतं.

नाशिकचं संगीत नाटकाशी नातं तसं वजनदार आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा प्रयोग होता ‘संगीत शारदा’चा. आणि नाटककार वसंत कानेटकर इथेच, एचपीटी महाविद्यालयात शिकवत नाटकं लिहीत होते. अशा गावात ‘पदं कापली तर चालेल, लोकांना काय कळतंय’ हे गृहीत धरू नये.

जाणाऱ्यांसाठी. गाण्यासाठी जात असाल तर मधल्या रांगांत, ऑर्गनच्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे बसा, ‘घास घे रे’ला माईक नसल्यामुळे फार मागे बसून उपयोग नाही. एलईडीचा उजेड पहिल्या तीन रांगांत डोळ्यांवर येतो, महागडी तिकिटं नेमकी तीच आहेत. दहा-बारा वर्षांखालची मुलं आणू नका, दुसरा अंक त्यांच्यासाठी नाही. रविवारी संध्याकाळी शालिमार-शिवाजी रोडला बाजाराची गर्दी असते, गाडी लांब लावून चालत या आणि पाऊण तास हाताशी ठेवा, कारण पहिली घंटा वेळेवर होते आणि पहिलं पद चौथ्याच मिनिटाला आहे. मध्यंतरातला चहा साखरेचाच मिळतो.